शहर बघायचं तर मागच्या गल्लीतूनही बघा

आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाला होतो. एका रविवारी सकाळी सरांनी आम्हाला गिरगावात पायी फिरवलं. हातात स्केचबुक आणि एकच सूचना: मान वर करून चाला, दुकानांच्या पाट्यांच्या वर बघा. लाकडी सज्जे, नक्षीचे ब्रॅकेट, बिडाचे कठडे. ते सगळं खरंच सुंदर होतं. त्या रस्त्याने कितीतरी वेळा गेलो होतो, पण मला ते कधी दिसलं नव्हतं. मग दोन इमारतींच्या मधल्या फटीतून मागे एक गोल फिरत वर जाणारा लोखंडी जिना दिसला. मी तोही काढला. सर म्हणाले, "छान. सर्व्हिस स्टेअर." आणि आम्ही पुढे गेलो.

संध्याकाळी आजोबांनी वही चाळली. ते महापालिकेच्या सफाई खात्यातून निवृत्त झालेले. सज्जे आणि कठडे त्यांनी भराभर उलटले. त्या जिन्याच्या पानावर मात्र बोट ठेवलं आणि म्हणाले, "हा आमचा जिना." मग सांगत राहिले. पावसात तो कसा निसरडा व्हायचा, कुठल्या इमारतीत पायऱ्या गंजून गेल्या होत्या, चुकून पुढच्या जिन्याने वर गेलं तर काय काय ऐकून घ्यावं लागायचं.

सरांनी सांगितलेलं खोटं नव्हतं. पण त्याच इमारतीबद्दलची निम्मी माहिती माझ्या घरात होती, आणि ती कुठल्याच पुस्तकात नव्हती.

मुंबईतल्या जुन्या इमारतींत संडास मागच्या अंगाला, एकावर एक असत. ड्रेनेज येण्याआधी ते टोपली संडास होते. मैला उचलणाऱ्या माणसाने पुढच्या जिन्यावरून, लोकांच्या दारांसमोरून जाऊ नये, म्हणून इमारतींच्या पाठीमागे अरुंद बोळ सोडला. तीच हाऊसगल्ली. वरच्या मजल्यांवरचे संडास साफ करायला बाहेरून लोखंडी जिना. पुढे फ्लश आले, टोपल्या गेल्या. गल्ली राहिली, आणि ती साफ करायला उतरणारा माणूस त्याच वस्त्यांमधून येत राहिला.

हे फक्त मुंबईचं नाही. पुढे कामानिमित्त कोलकात्याला गेलो, तेव्हा उत्तर कोलकात्यातल्या जुन्या घरांच्या मागे तसाच गोल जिना दिसला. तिथे अशा बोळाला मेथर गली म्हणतात. जातीचं नाव थेट बोळालाच दिलेलं. बंगळुरूमध्ये १८९० च्या दशकात आखलेल्या मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या वसाहतींत घरांच्या रांगा पाठीला पाठ लावून आहेत आणि मधून सफाईसाठी बोळ आहे. त्याला कॉन्झर्व्हन्सी लेन म्हणतात. आता त्यातल्या काही बोळांत भिंती रंगवून चालायला जागा केली आहे. चांगलंच आहे. पण हा बोळ मुळात कुणाला नजरेआड ठेवायला आखला होता, हे सांगणारी पाटी मला तिथे दिसली नाही.

आपल्याला नेहमी सांगितलं जातं, की जात खेड्यात असते, शहरात ती विरघळते. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याच्या गोडव्यांवर कठोर टीका केली, ती योग्यच होती. शहराने आपल्याला शाळा दिली, पगार दिला, गर्दीत अनोळखी राहण्याची मोकळीक दिली. माझे आजोबा गाव सोडून आले नसते तर मी आज हा लेख लिहीत नसतो. पण शहराने जात सोडली नाही. गावात ती वेशीबाहेर होती, शहरात ती नकाशात गेली. नकाशावर जातीचं नाव लिहावं लागत नाही. दोन जिने काढले की काम होतं. कलम १७ ने अस्पृश्यता रद्द केली, पण त्याने जिना पाडला गेला नाही.

१९९३ च्या कायद्याने कोरड्या संडासांवर आणि हाताने मैला उचलायला लावण्यावर बंदी घातली. २०१३ ला आणखी व्यापक कायदा झाला. तरी माणसं गटारात गुदमरून मरत राहिली, आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाखांवर न्यावी लागली.

आणि हे फक्त जुन्या इमारतींपुरतं आहे असंही नाही. पहिल्या नोकरीत मी एका उंच इमारतीच्या नकाशावर काम केलं. घरकाम करणाऱ्या बाईसाठी वेगळी लिफ्ट, वेगळं दार, आणि घरात तीन संडास असूनही तिच्यासाठी चौथा, बाहेरच्या बाजूला. मी विचारलं, हे कशाला? उत्तर मिळालं, "क्लायंटला हवंय." मी वाद घातला नाही. नोकरी नवी होती, घरी कर्ज होतं. तिच्या संडासाची खिडकी तेवढी मोठी करून घेतली. पण ती भिंत मीच काढली. आजोबांच्या जिन्याची नवी आवृत्ती माझ्या हातून झाली, हे मला कुठेतरी कबूल करायचं होतं.

यावर म्हणतील, सर्व्हिस लिफ्ट ही सोय आहे, उगाच जात कशाला आणता? इस्पितळात, हॉटेलात मालासाठी वेगळी वाट लागते, हे मलाही कळतं. पण मी एक साधी कसोटी लावतो: वाट सामानासाठी वेगळी आहे की माणसासाठी? फ्रिज मागच्या लिफ्टने जाऊ दे. स्वयंपाक आटोपून रिकाम्या हाताने खाली उतरणाऱ्या बाईने पुढची लिफ्ट का वापरायची नाही?

मित्रांनो, आपल्यातले बरेच जण घरातले पहिले पदवीधर. कॉलेजात गेल्यावर वाटतं, शहर वाचायला आपल्याला काहीच येत नाही. ते कमानी, शैली, वास्तुविशारदांची नावं जाणणाऱ्यांचं काम. ती नावं जरूर शिका. पण रविवारी आपल्या शहरात चालताना पुढची बाजू बघून झाली की मागे वळा. पाण्याचा नळ कुठे आहे, कचराकुंडी कुणाच्या दारात आहे, नाल्याकाठी कुणाची घरं आहेत, हे बघा. मुंबईत असाल तर परळच्या बीआयटी चाळीपासून दादरच्या राजगृहापर्यंत चाला. चाळीतल्या खोलीतून निघून बाबासाहेबांनी स्वतःच्या ग्रंथांसाठी घर बांधलं. तोही या शहराच्या वास्तुकलेचाच इतिहास आहे.

आणि शक्य असेल तर आई-वडिलांना, आजी-आजोबांना सोबत न्या. आज जुन्या इमारती भराभर पाडल्या जात आहेत. सज्जे आणि कठडे जपायला लोक आहेत, त्यांचे फोटो निघतात. मागचा जिना मात्र भंगारात जातो, आणि तो चढलेली माणसंही एकेक करून जात आहेत. त्यांना विचारा, लिहून घ्या, नकाशा काढा. माझ्या वहीत आता त्या गोल जिन्याखाली 'सर्व्हिस स्टेअर' खोडून आजोबांचं नाव लिहिलं आहे.