कंबर धरली तर मणका कुणाच्या हाती द्याल?

कंबर धरली की सल्ल्यांना तोटा नसतो. कुणी पट्टा आणून देतो, कुणी गावाकडच्या हाडवैद्याचा पत्ता, आणि हल्ली शहरात कुणी ऑस्टिओपॅथीचं नाव सुचवतो. जाऊ नका असं मी म्हणत नाही. पण मणका दुसऱ्याच्या हाती देताय, तर आधी थोडी चौकशी करा.

ऑस्टिओपॅथी ही हातांनी उपचार करण्याची पद्धत अमेरिकेतली. अँड्र्यू टेलर स्टिल या डॉक्टरांची तीन मुलं १८६४ साली मेंदूज्वराने गेली. तेव्हाच्या औषधांत पारा आणि अफू असायची. त्यांवरचा त्यांचा विश्वास उडाला. शरीर एकसंध आहे, बरं होण्याची ताकद त्यातच आहे, आणि सांधे-स्नायू नीट हलते राहिले तर त्या ताकदीला वाट मिळते, हा विचार त्यांनी १८७४ मध्ये मांडला. १८९२ मध्ये मिसुरीतल्या कर्क्सव्हिल गावी शाळाही काढली. बहुतेक आजारांचं मूळ हाडांत शोधण्याचा त्यांचा आग्रह पुढे टिकला नाही. पण दुखऱ्या जागेपुरतं न बघता अख्खा माणूस बघायचा, त्याची झोप, काळजी, बसण्याची पद्धत विचारायची, हे मला मोलाचं वाटतं. घाईच्या ओपीडीत एवढं ऐकून घ्यायला कुणाला वेळ असतो?

एक घोटाळा मात्र लक्षात ठेवा. अमेरिकेत या शाखेचे पदवीधर पूर्ण डॉक्टर असतात, शस्त्रक्रियाही करतात. ब्रिटनमध्ये १९९३ च्या कायद्याने ऑस्टिओपॅथची नोंदणी होते, पण ते शिक्षण वेगळं आहे. म्हणून समोरच्याला सरळ विचारा: कुठे शिकलात, किती वर्षं, नोंदणी कुठली? चांगला माणूस या प्रश्नांनी रागावत नाही.

साध्या कंबरदुखीत हातांच्या उपचाराने काही जणांना आराम पडतो. ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या २०१६ च्या शिफारशीत त्याला जागा आहे, पण व्यायामाच्या जोडीने. नुसतं टेबलावर पडून राहिलात आणि घरी येऊन पुन्हा अंथरूण धरलंत, तर फार काही हाती लागणार नाही. जमेल तेवढं चालत राहा. ‘मणक्यात गॅप आहे’ या शब्दांनी खचूही नका. अजिबात दुखत नसलेल्या विशीतल्या माणसांच्या एमआरआयमध्येसुद्धा सुमारे ३७ टक्क्यांत मणक्यांमधल्या गादीची झीज दिसते. दमा किंवा पोटाचे विकार मणका दाबून बरे करतो, असं कुणी म्हणालं तर तिथून उठा.

काही दुखणी हाताने दाबायचीच नसतात. लघवी अडली किंवा आपोआप होऊ लागली, जांघेत बधिरपणा आला, पायांतली ताकद गेली, तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा. पाठदुखीसोबत संध्याकाळी ताप येतोय, वजन उतरतंय, तर आधी डॉक्टरांकडे जा. मणक्याचा क्षय आपल्याकडे अजून आढळतो. हाडं ठिसूळ झालेल्या आजीला कुणाच्याही जोराच्या झटक्याखाली देऊ नका.

आणि सलूनमध्ये केस कापून झाल्यावर मान कडकन मोडून घेणं आजपासून बंद करा. अशा झटक्याने मेंदूकडे जाणारी धमनी आतून फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत. क्वचित होतं, पण होतं. खुर्चीत बसतानाच दादांना सांगा, ‘मानेला झटका नको.’