कॉलेजात कंपनी आलीच नाही तर?



सातवं सेमिस्टर सुरू झालं की समाजाच्या कार्यक्रमात मुलांना हमखास एक प्रश्न येतो, "काय रे, प्लेसमेंट झाली का?" इंदूरच्या एसजीएसआयटीएसमध्ये शिकणाऱ्याला हा प्रश्न सोपा जातो. धार-देवासकडच्या लहान कॉलेजातली मुलं मात्र उत्तर टाळून श्रीखंडाच्या वाटीकडे वळतात, कारण त्यांच्याकडे कंपन्या फारशा येतच नाहीत. हा लेख त्यांच्यासाठी.

आपल्या घरांत डिग्रीनंतरचे दोनच रस्ते माहीत असतात. एक, सरकारी परीक्षांचा क्लास. दुसरा, पुण्याला मावशीकडे राहून "ट्राय करणं". दोन्ही चुकीचे नाहीत, पण दोन्हींत वर्ष-दोन वर्षं सहज निघून जातात आणि त्या काळाचं रेझ्युमेत काहीच लिहिता येत नाही. मुलाखतीत पहिला खड्डा तिथेच पडतो.

मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, बी.फार्म किंवा केमिस्ट्रीवाल्यांनी पुण्याची बस पकडण्याआधी पीथमपूर नीट बघावं. ते आपल्याच धार जिल्ह्यात आहे. व्होल्वो-आयशर आणि फोर्स मोटर्सचे कारखाने तिथे आहेत, ल्युपिन आणि सिप्लासारख्या औषध कंपन्या आहेत. गाड्यांच्या चाचणीचा 11.3 किलोमीटरचा नॅट्रॅक्सचा ट्रॅक 2021 मध्ये तिथेच सुरू झाला. घरच्यांना वाटतं, "एवढं शिकून पीथमपूरला?" पण कारखान्यात वर्षभर काम केलेल्या मुलाकडे पुण्याच्या मुलाखतीत सांगायला काहीतरी असतं.

तिथे शिरायचा एक सरळ रस्ता म्हणजे अप्रेंटिसशिप. 1961 चा अप्रेंटिस कायदा फक्त आयटीआयवाल्यांसाठी आहे, असा समज आपल्याकडे पक्का आहे. तो बरोबर नाही. डिप्लोमा आणि डिग्रीवाल्यांसाठी केंद्राची नॅट्स योजना आहे. तिच्या पोर्टलवर मोफत नोंदणी होते, साधारण वर्षभर काम शिकता येतं, दरमहा स्टायपेंड मिळतो आणि शेवटी प्रमाणपत्र. मध्य प्रदेश सरकारचीही 'सीखो-कमाओ' योजना आहे. 2023 मध्ये ती सुरू झाली तेव्हा शिक्षणाप्रमाणे महिना 8000 ते 10000 रुपये ठरले होते. वर्ष संपल्यावर कंपनीने कायम करायलाच हवं असं बंधन नाही, हे आधीच समजून घ्या, म्हणजे नंतर घरात रुसवे-फुगवे होत नाहीत.

आता कॉम्प्युटरवाल्यांबद्दल. मी फ्रेशर्सच्या मुलाखती घेतो, त्यामुळे इथे जरा जास्त बोलतो. दहा रेझ्युमेंपैकी बऱ्याच जणांचा प्रोजेक्ट एकच, 'लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम'. तो बहुतेक वेळा तयार विकत घेतलेला असतो. मी एवढंच विचारतो, "एकाच नावाचे दोन विद्यार्थी असले तर तुझा प्रोग्रॅम काय करेल?" समोर शांतता! मुलगा हुशार नसतो असं नाही. त्याने तो प्रश्न कधी पाहिलेलाच नसतो, कारण प्रोजेक्ट त्याचा नाही.

त्यापेक्षा आपल्या गणेशोत्सवाच्या वर्गणीचा हिशोब घ्या. खजिनदार काकांकडून जुनी पावतीपुस्तकं मागा आणि त्याचा छोटासा प्रोग्रॅम करा. लगेच खऱ्या अडचणी येतील. एकच गृहस्थ एका पावतीवर 'कुलकर्णी', दुसरीवर 'कुळकर्णी' आणि तिसरीवर इंग्रजीत. कोणी अर्धी रक्कम रोख दिली, अर्धी यूपीआयने. एक पावती रद्द झाली, तिचा नंबर पुन्हा वापरायचा की नाही? यातलं प्रत्येक उत्तर तुम्ही स्वतः शोधलेलं असेल, त्यामुळे मुलाखतीत त्यावर वीस मिनिटं बोलू शकाल. इंग्रजी मोडकं असलं तरी चालतं. स्वतः केलेल्या कामाबद्दल बोलताना शब्द बरेच सापडतात.

रेझ्युमे एका पानाचा ठेवा. त्यात वडिलांचं नाव, उंची, जन्मवेळ नको. (हसू नका, असे रेझ्युमे येतात. लग्नाच्या बायोडाटाचीच फाइल उघडून बदलली असावी.)

ओळखीचं काय? ओळखीने काम मिळणं आपल्या मुलखाला नवीन नाही. प्रसिद्ध इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टर 1921 मध्ये देवास थोरल्या पातीच्या महाराजांचे खासगी सचिव झाले. महाराजांशी त्यांची ओळख झाली होती माल्कम डार्लिंग या मित्रामुळे, आणि हे डार्लिंग महाराजांचे शिक्षक होते! तेव्हा लाजू नका. फक्त "दादा, कुठेतरी चिकटवून द्या ना" असा मेसेज पाठवू नका, त्यावर दादा काहीच करू शकत नाही. बऱ्याच कंपन्यांत कर्मचाऱ्याने नाव सुचवायची अधिकृत सोय असते आणि तिच्यासाठी नेमकी जागा लागते. कंपनीच्या साइटवर जागा शोधा, तिचा नंबर, रेझ्युमेची पीडीएफ आणि आपण तिथे का बसतो याच्या तीन ओळी पाठवा. दादाचं काम पाच मिनिटांचं होतं आणि तो ते खरंच करतो. आठवड्याने एकदा आठवण करायला हरकत नाही. आईकडून फोन मात्र करवू नका.

शेवटी पालकांसाठी. "सिलेक्शन झालंय, लॅपटॉपचं डिपॉझिट भरा" किंवा "ट्रेनिंग फी पाठवा" असा फोन आला तर एक रुपयाही देऊ नका. ऑफर लेटरवर मोठ्या कंपनीचा लोगो असतो, पण ईमेलचा पत्ता जीमेलचा निघतो. पैसे गेलेच असतील तर लाजून घरात बसू नका, लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करा. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम बँकेत अडवली जाण्याची शक्यता जास्त.

पुढच्या अंकात ऑनलाइन अ‍ॅप्टिट्यूड टेस्टबद्दल लिहीन. तुमचे प्रश्न संपादकांकडे पाठवा.