पंचनाम्याची भाषा

८ मे २०२० च्या पहाटे, जालन्याहून रुळांच्या आधाराने पायी निघालेले आणि करमाडजवळ सटाणा शिवारात थकून रुळांवरच निजलेले मध्य प्रदेशचे सोळा मजूर मालगाडीखाली चिरडले गेले, तेव्हा खडीवर विखुरलेल्या चपात्यांचे छायाचित्र पाहून आपण हळहळलो आणि वर्तमानपत्राची घडी घातली. परंतु त्याच चपात्यांमधून वाट काढीत ज्यांना ते देह गोळा करावयाचे, मोजावयाचे आणि घाटी रुग्णालयाकडे रवाना करावयाचे होते, त्यांना ती सवलत नव्हती.

‘मयत इसम’, ‘मिळून आलेल्या वस्तू’ ही पंचनाम्याची रुक्ष, फारसी वळणाची भाषा (आम्ही लेखक तिची थट्टा करीत आलो, हे कबूल) मला अशा वेळी निर्दय वाटत नाही. कारण जो हात शोकाने कापू लागला, त्याला ना नाडी सापडते, ना स्ट्रेचर उचलवते. ही अलिप्तता म्हणजे काळजाचा दगड होणे नव्हे, ती कार्यापुरती धारण केलेली वृत्ती होय, आणि नंतर टपरीवर चहा पिताना निघणारा विनोद, परक्याच्या कानांना कितीही अभद्र वाटो, तिचेच अपत्य होय.

माझी तक्रार सरकारी तजविजीविषयी आहे. गणवेश धुण्याचा भत्ता मंजूर करणाऱ्यांनी अशा कामगिरीनंतर दोन दिवसांची रजा आणि समुपदेशकाची गाठ ही, अर्जाची वाट न पाहता, सक्तीच्या हुकमानेच द्यावी. अर्ज करणारा खात्यात कच्चा ठरतो.