तेजीतली काटकसर

कांद्याचा भाव पडला की बागलाण तालुक्यातल्या नामपूरच्या दुकानांतल्या उधारीच्या वह्या जाड होतात. नवी मोटारसायकल लांबणीवर पडते, लग्न साखरपुड्यातच उरकून घेतले जाते. मोसम खोऱ्याला ही काटकसर कोणी शिकवायला नको. भाव चढला की ती दोन महिनेही टिकत नाही, हे खरे दुखणे आहे.

2023च्या फेब्रुवारीत कांदा क्विंटलला चार-पाचशेवर आला. राज्य सरकारने क्विंटलला 350 रुपये अनुदान दिले, तेही 200 क्विंटलपर्यंतच. ऑगस्टमध्ये केंद्राचे 40 टक्के निर्यातशुल्क, डिसेंबरात थेट निर्यातबंदी. ती मे 2024मध्ये उठली आणि त्या वर्षाच्या अखेरीस नाशिक जिल्ह्यात चांगला भावही मिळाला. शुल्क एप्रिल 2025पासून शून्य झाले, तरी त्या वर्षी तेजी काही परतली नाही. कांद्याच्या या पडझडीआधी तेल्या रोगाने बागलाणच्या डाळिंबबागा उपटायला लावल्या, ते वेगळेच.

धोरणातली ही धरसोड अक्षम्य आहे आणि तिचे खापर शेतकऱ्याच्या खर्चावर फोडणे हा कांगावा होईल. पण दिल्लीचा निर्णय आपल्या हातात नाही, विक्रीची बरी पट्टी आलेल्या वर्षीचा पैसा मात्र आहे. तो जातो कुठे? भाड्याने भागले असते तिथे हप्त्यावरचा ट्रॅक्टर येतो, चार बोअर कोरडे गेलेल्या शिवारात पाचवा घेतला जातो, सोयरिकीत मानपानाची यादी लांबते. कांदाचाळीवरचा खर्च आम्ही यात धरत नाही. माल थांबवण्याची ताकद हीच शेतकऱ्याची मोठी बचत. मंदीत आधी कात्री लागते ती घरातल्या बाईच्या औषधपाण्याला, आणि तेजीत यादी करताना तिला कोणी विचारत नाही, हेही एकदा मान्य करू या.

साठवायचे तरी कुठे, हा प्रश्न रास्त आहे. नोव्हेंबर 2016च्या नोटाबंदीत जिल्हा बँकांना जुन्या नोटा घेण्यास मनाई झाली. पुढे नाशिक जिल्हा बँकेच्या ठेवीदारांनी स्वतःच्याच पैशासाठी घातलेले हेलपाटे तालुका विसरलेला नाही. म्हणून पैसा घरात किंवा सोन्यात ठेवावासा वाटतो. पण बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही, मग तिथला व्याजदर कितीही गोड असो.

तेव्हा पुढची बरी पट्टी हाती येईल, त्याच आठवड्यात एका हंगामाचे बियाणे, लागण आणि काढणीच्या मजुरीएवढी रक्कम मुदत ठेवीत टाकावी, आणि पावतीवर घरातल्या बाईचेही नाव असावे. लग्नातला मानपान आवरण्याचा ठराव करायचा असेल, तर ग्रामसभांनी तो तेजीच्या वर्षी करावा. मंदीत असे ठराव करायला धाडस लागत नाही.