एक मतदार, दोन कौल

मतदार हा लहरी असतो, त्याचें मन वाऱ्यावरच्या पानासारखें फिरतें, असें शहाणीं माणसें पुष्कळदां बोलून दाखवितात. निकाल आपल्या मनासारखा लागला नाहीं म्हणजे तर ह्या बोलण्यास विशेष धार येते. हा आरोप कितपत खरा आहे, हें दूरदेशचीं उदाहरणें न घेतां आपल्या शेंद्र्याच्या आसपास घडलेल्या गोष्टींवरूनच पाहूं.

ह्या बाजूचा फुलंब्री विधानसभा मतदारसंघ जालना लोकसभा मतदारसंघांत मोडतो. त्याच्यासोबत जालना, बदनापूर, भोकरदन, सिल्लोड व पैठण हे आणखी पांच आहेत. १३ मे २०२४ रोजीं येथें लोकसभेसाठीं मतदान झालें. सन १९९९ पासून ओळीनें पांच वेळां निवडून आलेले भारतीय जनता पक्षाचे रावसाहेब दानवे ह्यांचा काँग्रेसचे कल्याण काळे ह्यांनीं एक लाखाहून अधिक मतांनीं पराभव केला. पुढें अवघ्या सहा महिन्यांनीं, २० नोव्हेंबर रोजीं, त्याच लोकांनीं विधानसभेसाठीं मतें दिलीं. आणि त्या सहाही जागा महायुतीकडे गेल्या! गांवें तींच, माणसें तींच. कौल मात्र उलटा. सन २०१९ मध्येंही लोकसभेच्या ४८ पैकीं ४१ जागा भाजप-शिवसेना युतीस देणाऱ्या महाराष्ट्रानें त्याच वर्षीं विधानसभेच्या २८८ पैकीं १६१ जागाच तिला दिल्या होत्या.

ह्यास लहर म्हणावें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. दोन निवडणुकींत मतदारास दोन निराळे प्रश्न विचारले जातात, म्हणून तो दोन निराळीं उत्तरें देतो. कांद्याच्या निर्यातीवर बंदी घालणें किंवा ती उठविणें हें दिल्लीच्या हातीं आहे. डिसेंबर २०२३ मधील त्या बंदीचा राग लोकसभेच्या वेळीं निघणें स्वाभाविकच होतें. उलट, जुलै २०२४ पासून राज्य सरकारनें लाडकी बहीण योजनेखालीं पात्र स्त्रियांस दरमहा १५०० रुपये देऊं केले, त्याचा ठसा विधानसभेच्या मतदानावर उमटला. स्त्रियांच्या मतदानाचें प्रमाण वाढलें, आणि राज्याचें एकंदर मतदानही सुमारें ६१ टक्क्यांवरून ६६ टक्क्यांवर गेलें.

कित्येक जण ह्यास मतांची खरेदी म्हणतात. आदल्या रात्रीं अंधारांत हातावर ठेवलेली नोट आणि सरकारनें नियम करून उघडपणें बँकेच्या खात्यांत जमा केलेली रक्कम ह्यांत आम्ही भेद करतों. पहिली लांच आहे. दुसरी धोरण आहे, व धोरण पाहून मत देणें हा मतदाराचा हक्कच आहे. मात्र त्या धोरणाचा पैसा कोठून येतो व त्यापायीं दुसरें कोणतें काम मागें पडतें, हेंही विचारणें त्याचें कर्तव्य आहे.

दुसरें मोठें कारण जात. सप्टेंबर २०२३ मध्यें जालना जिल्ह्यांतील अंतरवाली सराटी येथें मराठा आरक्षणाचें आंदोलन पेटलें. त्याचा परिणाम लोकसभेंत साऱ्या मराठवाड्यानें पाहिला. विधानसभेच्या वेळीं आंदोलनाचे नेते मनोज जरांगे ह्यांनीं ४ नोव्हेंबर रोजीं उमेदवार उभे न करण्याचें जाहीर केलें. आणि एका समाजाची एकी झाली कीं दुसरा समाजही एकवटतो, हाही अनुभव आला. जातीच्या मागण्यांत शेतीची हलाखी व नोकरीची वाण असते, हें आम्ही जाणतों. परंतु उमेदवाराचें आडनांव हें त्या दुःखावरचें औषध नव्हे.

तिसरें कारण उमेदवाराची जवळीक. खासदार दूर असतो. आमदार लग्नास येतो, मयतीस येतो, जळलेल्या रोहित्रासाठीं त्याला फोन करतां येतो. म्हणूनच कित्येक घरीं पक्ष बाजूस राहून माणूस पाहिला जातो.

शेंद्र्यास आणखी एक गोष्ट विशेष आहे. येथील औद्योगिक वसाहतींत दूरदूरच्या जिल्ह्यांतून व परप्रांतांतून आलेले कामगार राबतात. मतदानाच्या दिवशीं पगारी सुट्टी देण्याचा कायदा आहे. पण ज्याचें नांव गांवाकडच्या यादींत राहिलें, तो त्या सुट्टींत करणार काय? मनुष्य जेथें सामान्यतः राहतो, तेथेंच त्याचें नांव असावें असें कायदा सांगतो. तरीही पुष्कळ जण नांव बदलून घेत नाहींत. ज्या रस्त्यानें ते रोज जातात, जें पाणी पितात, त्यावर त्यांचें मत उमटत नाहीं.

पाण्याचें नांव आलें, तेव्हां आमची खरी तक्रार येथेंच सांगतों. जायकवाडीच्या पाण्यावर ह्या जिल्ह्याचें शहर, शेत व कारखाने जगतात. धरण रितें राहिलें असतां नाशिक-नगरकडील वरच्या धरणांतून पाणी सोडावें कीं नाहीं, हा वाद वारंवार उठतो. तें समन्यायानें वाटण्याचा आधार म्हणजे सन २००५ चा जलसंपत्ति नियमन प्राधिकरणाचा कायदा. आणि तो केला राज्याच्या विधिमंडळानें! विधानसभा हें त्याच विधिमंडळाचें एक सभागृह. असें असतां, ‘ह्या कायद्याविषयीं तुमचें मत काय? सभागृहांत तुम्ही काय बोललां?’ असें मत मागावयास दारीं आलेल्या उमेदवारास किती जण विचारतात? जात विचारली जाते, पक्ष विचारला जातो, योजनेचा हप्ता विचारला जातो. सभागृहांतील काम मात्र कोणी विचारीत नाहीं. मतदार लहरी नाहीं. तो हिशेबी आहे. परंतु त्याच्या हिशेबाच्या वहींत हें एक पान कोरें आहे.

मित्रहो, सन १९८९ पासून मताधिकाराचें वय २१ वरून १८ वर आलें आहे. पुढील विधानसभा निवडणूक, मुदतीप्रमाणें झाली, तर २०२९ मध्यें होईल. तेव्हां आपल्यांतील पुष्कळ जण मतदार असतील. तोंवर हातावर हात ठेवून बसण्याचें कारण नाहीं. शेजारच्या कामगाराचें नांव यादींत आहे कीं नाहीं, हें आज विचारतां येईल. घरीं उमेदवाराची गोष्ट निघाली असतां पाण्याचा प्रश्न आजही काढतां येईल. वडीलधारीं माणसें प्रथम हंसतील. पण नळ कोरडा पडलेल्या दिवशीं त्यांस तो प्रश्न आठवेल, आणि पुढच्या खेपेस कदाचित् तींच तो उमेदवारास विचारतील.