ऐकणारीच्या कानांचं काय?

गेल्या वर्षी आमच्या संस्थेच्या आढावा बैठकीत मी एक मुद्दा मांडला आणि हशा पिकला. मुद्दा होता हेडसेटचा. हेल्पलाइनवर बसणाऱ्या आम्हा सहाजणींना कान न दुखवणारे हेडसेट हवेत, प्रत्येकीला स्वतःचा हवा आणि त्यासाठी अंदाजपत्रकात वेगळी तरतूद हवी, एवढंच माझं म्हणणं होतं. कुणीतरी म्हणालं, "आता कानांचीच मुक्ती व्हायची राहिली होती!" सगळ्यांबरोबर मीही हसले. हसण्यावारी गेलेला तो मुद्दा पुन्हा मांडायचं धाडस व्हायला चार महिने लागले. म्हणून आज इथे जरा सविस्तर लिहिते आहे.

मी समाजकार्यात एम.एस.डब्ल्यू. केलं. 'ऐकणं' हे आमच्या अभ्यासक्रमातलं एक कौशल्य होतं. समोरचीला मध्येच तोडू नये, तिच्या शांततेलाही जागा द्यावी, सल्ल्याची घाई करू नये, हे सगळं आम्ही शिकलो. ज्या कानांनी ऐकायचं त्या कानांबद्दल मात्र दोन वर्षांत कुणी अवाक्षर काढलं नाही. आज आठ तासांच्या पाळीतले पाच-सहा तास माझ्या कानांवर हेडसेट असतो. माझ्या कामाचं मुख्य अवजार कान आहे, हे मला कान दुखायला लागल्यावर कळलं.

माझे कान तसे पहिल्यापासून हळवे. बाराव्या दिवशी सोनाराने टोचले ते महिनाभर चिघळले, असं आई सांगते. खोट्या कुड्या घातल्या की दुसऱ्या दिवशी पाळी लाल होते, पाणी गळायला लागतं. "हिला सोन्याशिवाय चालत नाही, राणीसाहेबांचे कान आहेत," अशी घरात चेष्टा व्हायची. स्वस्त दागिन्यांत असणाऱ्या निकेल या धातूची ती ॲलर्जी आहे, हे फार उशिरा समजलं. ही ॲलर्जी पुरुषांपेक्षा बायकांमध्ये कितीतरी जास्त आढळते, कारण कान बायकांचे टोचले जातात आणि खोटे दागिनेही त्याच घालतात. म्हणजे आधी रिवाज म्हणून कान टोचायचे आणि मग दुखले की 'नाजूक' म्हणून हसायचं!

हेल्पलाइनवर आले तेव्हा तिथे चार हेडसेट होते आणि तीन पाळ्या. एकीच्या कानावरून उतरला की दुसरीच्या कानावर चढायचा. स्पंज झिजून आतलं कडक प्लास्टिक वर आलेलं. आधीच्या पाळीतलीचा घाम, डोक्याचं तेल त्यात मुरलेलं. पावसाळ्यात तर तो कधी वाळायचाच नाही. तासाभरात कानाच्या वरच्या कडेला ठणका लागायचा. मी तो कधी मागे सरकवायची, कधी एकच बाजू कानावर ठेवायची, कधी मध्ये रुमालाची घडी घालायची. तक्रार केली नाही. ज्यांचे फोन येत होते त्यांच्या दुखण्यापुढे माझ्या कानाचं दुखणं सांगायची लाजच वाटायची.

मग श्रावणातली ती रात्र आली. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून सांगते. रात्री अकराच्या सुमाराला एका बाईचा फोन आला. ती अगदी हळू, जवळजवळ श्वासातच बोलत होती. माझा उजवा कान सुजलेला होता, म्हणून हेडसेट अर्धवट सरकवलेला. खोलीत पंखा घरघरत होता, शेजारची सहकारी दुसऱ्या फोनवर बोलत होती. मला शब्द लागेनात. मी आवाज वाढवला, तरी लागेनात. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "ताई, जरा मोठ्याने बोला."

हेल्पलाइनवर बसणारी कुणीही सांगेल, की हे वाक्य अशा बाईला कधीही म्हणायचं नसतं. ती हळू बोलते कारण पलीकडच्या खोलीत कुणीतरी जागं असतं. तिने पुन्हा प्रयत्न केला. मी पुन्हा म्हणाले, "ऐकू येत नाही." तिसऱ्यांदा फोन बंद झाला. आपण उलट फोन करायचा नाही, हा आमचा नियम आहे, आणि तो तिच्याच सुरक्षिततेसाठी आहे. तिचा फोन पुन्हा आला नाही. तिला काय सांगायचं होतं ते मला आजही माहीत नाही.

त्यानंतर मी कान-नाक-घशाच्या डॉक्टर बाईंकडे गेले. त्यांनी समजावून सांगितलं ते तुम्हालाही सांगते, कारण यातलं बरंच काही आपल्या 'नाजूकपणा'शी संबंधित नाही.

पहिली गोष्ट मापाची. बायकांच्या कानाची नळी सरासरीने पुरुषांपेक्षा अरुंद असते. कानात घालायच्या इअरफोनबरोबर रबरी टोप्यांचे लहान, मध्यम, मोठे असे तीन जोड येतात. अनेकींना त्यातला लहानही मोठा पडतो. तो दाबून बसवला की कान दुखतो, सैल ठेवला की पडतो. कानाच्या वाटीत ठेवायच्या कडक गोल इअरफोनचं तर एकच माप असतं. कानावर टेकणारा हेडसेट कानाची वरची कड डोक्यावर दाबून धरतो. तिथे मांस नाही, नुसती कूर्चा आणि वर पातळ कातडी, म्हणून तिथला दाब लवकर ठणकतो. चष्मा असला तर त्याची दांडी मध्ये सापडते.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. हेडसेट नीट बसला नाही की बाहेरचा गोंगाट आत येतो. गोंगाट आत आला की आपण आवाज वाढवतो. एकच कान वापरला तरी तेच होतं, कारण दोन्ही कानांनी ऐकताना जो आवाज पुरतो तो एका कानाला कमी वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकणं सुरक्षित असतं. तोच ९० डेसिबल झाला की आठवड्याला फक्त ४ तास. डेसिबलचा आकडा थोडासाच वाढलेला दिसतो, पण दर ३ डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते आणि सुरक्षित वेळ निम्म्यावर येतो.

आवाजाने कानाच्या आतल्या शंखातल्या केसांसारख्या बारीक पेशी मरतात. त्या परत उगवत नाहीत. आणि सुरुवातीला जातं ते उंच पट्टीतलं ऐकणं. स, श, फ, त अशी व्यंजनं पुसट होत जातात. बाई बोलते आहे हे कळतं, पण काय बोलते आहे ते लागत नाही. कुजबुज तर मुख्यतः अशाच आवाजांची बनलेली असते. म्हणजे आमच्या कामाला ज्या ऐकण्याची सर्वांत जास्त गरज, तेच आधी जाणार. डॉक्टर बाई हे सहज बोलून गेल्या, पण मला ती श्रावणातली रात्र आठवली.

मैत्रिणींनो, ही तक्रार नवी नाही. १८७८ साली अमेरिकेत बोस्टनच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एमा नट नावाची बाई कामाला लागली. ती पहिली स्त्री टेलिफोन ऑपरेटर मानली जाते. त्याआधी तिथे मुलगे काम करायचे, पण ते ग्राहकांशी उद्धटपणे बोलत. मग बायका आणल्या, कारण त्यांचा आवाज गोड आणि पगार कमी. काही वर्षांतच हे काम 'बायकांचं काम' होऊन गेलं. सुरुवातीची ऐकण्या-बोलण्याची यंत्रं इतकी जड असत, की ती खांद्यांवर पेलावी लागत. दोन कानांवर बसणारा सुटसुटीत हेडफोन १९१० च्या सुमाराला युटा प्रांतातल्या नथॅनिएल बाल्डविन यांनी स्वतःच्या स्वयंपाकघरात बनवला, आणि तो घेतला अमेरिकेच्या नौदलाने.

याच न्यू इंग्लंड भागातल्या हजारो ऑपरेटर बायकांनी एप्रिल १९१९ मध्ये संप केला. ज्युलिया ओकॉनर त्यांची पुढारी होती. सहा दिवसांत त्यांनी पगारवाढ आणि वाटाघाटीचा हक्क मिळवला. दिवसभर इतरांचं बोलणं जोडून देणाऱ्या बायका एकत्र उठल्या आणि सगळ्या भागाचे फोन बंद पडले. ऐकणाऱ्या बायकांनीही आपलं म्हणणं ऐकवलेलं आहे, हे आपण विसरू नये.

आज हेडसेट कुणाच्या डोक्यावर आहे ते पाहा. कॉल सेंटरमधल्या मुली, बँकेच्या आणि विम्याच्या फोनवरच्या मुली, १८१ सारख्या महिला हेल्पलाइनवरच्या समुपदेशक, २०२२ साली सुरू झालेल्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सेवेतल्या कार्यकर्त्या, २०२० च्या टाळेबंदीपासून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात लॅपटॉप मांडून बसलेल्या कितीतरी जणी. कारखान्यातल्या गोंगाटाने येणारं बहिरेपण १९४८ च्या कारखाने कायद्यात नोंद करण्याजोगा व्यावसायिक आजार मानलं गेलं होतं. ती लढाई कामगार चळवळीने लढली. पण यंत्राचा खडखडाट सगळ्यांना ऐकू येतो, आमचा आवाज फक्त आमच्या कानात असतो. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने बायकांना त्यांच्या संमतीने रात्रपाळी करता येते. त्यासाठी सुरक्षितता आणि घरापर्यंत वाहन या अटी आहेत आणि त्या हव्यातच. रात्रभर जो अवयव काम करतो त्याचा विचार मात्र अजून व्हायचा आहे.

आमच्याकडच्या एक ज्येष्ठ ताई म्हणाल्या, "अगं, आम्ही एसटीच्या टपावर सामान टाकून गावंच्या गावं हिंडलो. भाकरीबरोबर चटणी मिळाली तरी खूप होतं. तुमच्या पिढीला आधी सोयी लागतात." ताईंबद्दल मला नितांत आदर आहे. त्यांनी काढलेल्या वाटेवरच आम्ही चालतो आहोत. पण त्यांना मी नम्रपणे विचारलं, की त्या काळातल्या किती कार्यकर्त्यांचे गुडघे आणि पाठी गेल्या, याची आपण कधी नोंद ठेवली का? स्वतःच्या शरीराची हेळसांड म्हणजे त्याग, हे आपण घरात नाकारतो. सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खाणाऱ्या बाईला आपण शिबिरात सांगतो, "तूही ताट वाढून घे." मग संस्थेत येऊन आपण तेच का करावं? ताई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "माझा डावा कान गेली सहा वर्षं कमी ऐकतो. कुणाला सांगितलं नव्हतं." पुढच्या बैठकीत हेडसेटचा मुद्दा त्यांनीच मांडला आणि या वेळी कुणी हसलं नाही.

आम्ही काय केलं ते सांगते. एकच चांगला हेडसेट निवडून सहा घ्यायचे, असा आधी विचार होता. पण सहाजणींचे कान सहा तऱ्हेचे निघाले. मला लागला कानावर न टेकता कानाभोवती बसणारा, मोठ्या मऊ गादीचा. गादीला रेक्झिन नको, कापड हवं, म्हणजे घाम धरत नाही. चष्मेवालीला हलका, सैल पकडीचा. नवा हेडसेट फार आवळतो, म्हणून तिने तो दोन-तीन रात्री पुस्तकांच्या गठ्ठ्यावर ताणून ठेवला, मग सैलावला. हिजाब घालणाऱ्या सहकारीला कापडाखाली बसणारे कानातले इअरफोन सोयीचे, पण अगदी लहान मापाच्या मऊ टोप्यांसह. एकीचा कान लहानपणापासून फुटतो. तिला डॉक्टरांनी कानात काहीही घालू नको म्हणून सांगितलं होतं. तिने गालाच्या हाडावर टेकून हाडातून आवाज पोचवणारा घेतला. त्यात कान मोकळा राहतो, मात्र खोली शांत लागते. आणि एकीला पलीकडून अचानक किंकाळी आली की दिवसभर डोकं ठणकायचं. तिच्यासाठी आवाज ठरावीक मर्यादेपलीकडे जाऊ न देणारी व्यवस्था बसवून घेतली.

सगळं मिळून जो खर्च आला, तो आमच्या वार्षिक अहवालाच्या रंगीत मुखपृष्ठापेक्षा कमी होता. घरघरणारा पंखा बदलला, दोन टेबलांमध्ये जाड पडदा लावला. खोली शांत झाल्यावर सगळ्यांचेच आवाज खाली आले.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. जिचं काम ऐकण्याचं आहे तिला हेडसेट घालून बघून निवडता आला पाहिजे, आणि तो तिचा एकटीचा असला पाहिजे. गाद्या आणि टोप्या ठरावीक काळाने बदलल्या पाहिजेत. दर तासाला काही मिनिटं कान मोकळे ठेवायची सुट्टी कामाच्या वेळेत धरली पाहिजे. कामाला लागताना आणि मग दरवर्षी कानाची तपासणी झाली पाहिजे, संस्थेच्या खर्चाने. देणगीदारांकडे प्रस्ताव पाठवताना हा खर्च 'किरकोळ'मध्ये लपवू नये. स्वतंत्र ओळीत लिहावा आणि का लागतो तेही लिहावं. आणि जिथे युनियन आहे तिथे हा प्रश्न युनियनच्या मागणीपत्रात यावा, कारण कॉल सेंटरमधली एकटी मुलगी तो मांडू शकणार नाही. तिला 'नाजूक' ठरवून घरी बसवणं फार सोपं आहे.

तुमच्या गटात, केंद्रात, कचेरीत फोनवर कोण बसतं, तिच्या कानावर काय असतं आणि ते तिला दुखतं का, हे एकदा विचारून पाहा. बहुतेक जणी आधी "नाही हो, काही नाही" म्हणतील. मीही तीन वर्षं तेच म्हणत होते. तेव्हा दुसऱ्यांदा विचारा, आणि काय उत्तरं आली ते अंकाकडे लिहून कळवा.