'टू स्टेट्स' आणि आपली प्रेमं

चेतन भगतची 'टू स्टेट्स' मी अकरावीत वाचली. मदन महल स्टेशनवर उशिरा येणाऱ्या गाडीची वाट बघत सुरू केली आणि घरी येऊन रात्रीत संपवली. आमचं कुटुंब नागपूरहून जबलपूरला आलेलं. घरात मराठी, शाळेत हिंदी, इंग्रजीची नुसती धास्ती. डिक्शनरी न उघडता संपवलेलं ते माझं पहिलं इंग्रजी पुस्तक. पुढे एम.ए.च्या वर्गात मी हे सांगितलं, तेव्हा काही जण हसले. त्यांच्या घरात आजोबांपासून इंग्रजी होतं. आपल्यातले किती जण अशाच पुस्तकांवर इंग्रजी शिकले, हे त्यांना ठाऊक नाही. त्यामुळे त्या टिंगलीत मी सामील होणार नाही.

माझं भांडण वेगळं आहे.

2009 च्या या कादंबरीत क्रिश मल्होत्रा पंजाबी, अनन्या स्वामीनाथन तमिळ ब्राह्मण. दोघंही अहमदाबादच्या आयआयएमचे. क्रिश तिच्या भावाला शिकवतो, वडिलांना प्रेझेंटेशन करून देतो, आईला गाण्याचा कार्यक्रम मिळवून देतो आणि अंगठ्या देऊन साऱ्या घरालाच मागणी घालतो. घर विरघळतं. माणूस गुणी असला की आईबाप मानतात, हे मी तेव्हा खरं मानलं.

सिनेमा 18 एप्रिल 2014 ला आला. दहाच दिवसांनी, 28 एप्रिलला, अहमदनगर जिल्ह्यातल्या खर्ड्यात 17 वर्षांच्या नितीन आगेचा खून झाला. हा दलित मुलगा मराठा मुलीशी बोलतो, एवढा संशय पुरला. नोव्हेंबर 2017 मध्ये सत्र न्यायालयातून सगळे आरोपी निर्दोष सुटले. साक्षीदार फितूर झाले होते. नितीनला कुणाच्या भावाची शिकवणी घ्यायची संधी मिळाली नाही.

मागच्या वर्षी मीही एका घरी गेले. त्याच्या आईशी तासभर छान गप्पा झाल्या. माझ्या फेलोशिपचं कौतुक झालं. निघताना त्यांनी विचारलं, "पूर्ण नाव काय म्हणालीस बाळा?" मी आडनाव सांगितलं. नंतर त्याचेही फोन कमी होत गेले. "आई समजून घेईल, तू थोडी जुळवून घे," एवढंच तो म्हणाला.

हे "तू जुळवून घे" त्या कादंबरीतूनच आलेलं आहे. तिथे मन जिंकायची जबाबदारी प्रेम करणाऱ्यावर. बाबासाहेबांनी 1936 मध्ये 'जातिनिर्मूलना'त आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय सांगितला, आणि लोक तो का करत नाहीत याचं कारणही: शास्त्रांवरची श्रद्धा. ही श्रद्धा ज्यांच्या घरात आहे, त्यांनीच ती मोडायची आहे. माझ्या गोड बोलण्याने ती मोडत नाही.

धाकट्या बहिणीला मी 'टू स्टेट्स' दिली आहे. इंग्रजी सुधारेल, हसूही येईल. पण एक ताकीद दिली: तुझ्यावर प्रेम आहे म्हणणाऱ्याला आधी त्याच्या घरात भांडू दे. परीक्षा त्याची आहे, तुझी नाही.

जय भीम.